सिमेंटच्या इमारतीत सुतार काय करतो?
बांधकामविषयक वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

या महिन्यात आलेल्या पत्रांत सुतारकामाविषयीची पत्रे नेहमीपेक्षा अधिक आहेत आणि ती बहुतेक व्यापारी इमारतींच्या बांधकामाशी निगडित आहेत. म्हणून हा सगळा स्तंभ त्याच विषयाला दिला आहे. पत्रे लांब होती. प्रश्नाचा गाभा ठेवून ती संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आम्ही दोघे भाऊ मिळून तळमजल्यावर दुकाने आणि वर दोन मजले कार्यालयांसाठी अशी इमारत बांधत आहोत. ठेकेदाराच्या अंदाजपत्रकात आरसीसीच्या कामासाठी सुतारांच्या मजुरीची रक्कम लोखंड बांधणाऱ्यांच्या मजुरीपेक्षा जास्त दिसते. दारे-खिडक्या तर अॅल्युमिनियमच्या आहेत. इमारतीत लाकूडच नसताना सुतारांवर इतका खर्च कशासाठी? तो कमी करता येईल का?
— एक वाचक, सिन्नर

उत्तर : आपली इमारत काँक्रीटमध्ये उभी राहण्यापूर्वी एकदा लाकडात आणि प्लायवुडमध्ये उभी राहणार आहे, हे ध्यानात घेतले की या रकमेचा उलगडा होतो. काँक्रीट साइटवर येते तेव्हा ते दाट पिठासारखे असते आणि ज्या साच्यात ओतावे त्याचा आकार घेते. कॉलम ओळंब्यात आला की नाही, तुळई सरळ आहे की नाही, जिन्याच्या पायऱ्यांची उंची सारखी आहे की नाही, हे सगळे काँक्रीट ओतण्याच्या आधीच ठरून गेलेले असते आणि ते ठरवणारा माणूस सुतार असतो. साचे आणि त्यांचे टेकू उभारण्याच्या या कामाला सेंट्रिंग म्हणतात आणि ते करणाऱ्याला आपण सेंट्रिंगवाला म्हणतो. मुंबई-पुण्याच्या मोठ्या कामांवर तो पुष्कळदा मालदा-मुर्शिदाबादकडचा किंवा झारखंडचा असतो. रंधा आणि पटाशी त्याच्या हातात क्वचितच दिसते, पण तो करतो ते सुतारकामच.

त्याच्यावर येणारी जबाबदारी आकड्यांत सांगतो. ओल्या काँक्रीटचे वजन घनमीटरला सुमारे अडीच टन धरतात. तीन मीटर उंचीचा कॉलम एका दमात, झपाट्याने भरला, तर साच्याच्या पेटीच्या तळाशी बाजूच्या फळीवर दर चौरस मीटरला साडेसात टनांपर्यंत दाब येऊ शकतो. कॉलमची बाजू ६० सेंटिमीटर रुंद असेल, तर खालच्या एका मीटरच्या पट्ट्यावर एकाच बाजूने पावणेचार टनांचा रेटा येतो. हा रेटा क्लॅम्प, टाय रॉड (समोरासमोरच्या बाजू बांधून ठेवणाऱ्या सळया) आणि पाचरा यांनी धरून ठेवायचा असतो. क्लॅम्पांमधले अंतर वरच्या भागात जेवढे चालते तेवढे खाली चालत नाही, हे अनुभवी सुताराला कोणी सांगावे लागत नाही; नवख्या माणसाने सगळीकडे सारखे अंतर ठेवले की कॉलमला पोट येते आणि मग ते छिन्नीने तासत बसावे लागते. काँक्रीट बांधकामासाठीच्या आय.एस. ४५६ या भारतीय मानकाप्रमाणे कॉलम किंवा तुळई ठरल्या मापापेक्षा फार तर १२ मिलिमीटर जाड किंवा ६ मिलिमीटर बारीक असलेली चालते. एवढ्या थोड्या फरकात टनांचा रेटा सांभाळणे हे बारकाव्याचे काम आहे.

स्लॅबचे तसेच. सहा मीटर लांब आणि सहा मीटर रुंद असा १५ सेंटिमीटर जाडीचा स्लॅबचा एक गाळा, म्हणजे तुळयांमधला एक भाग, साडेतेरा टनांचा होतो. त्यात सळयांवरून चालणारी माणसे, पंपाचा पाइप आणि एके ठिकाणी पडलेला काँक्रीटचा ढीग यांचे वजन मिळवावे लागते. काँक्रीट स्वतःचे वजन पेलू लागेपर्यंत हे सगळे टेकूंवर असते. आपल्या इमारतीत तळमजल्यावर दुकाने आहेत, म्हणजे तेथील उंची घरापेक्षा जास्त असणार. आणि व्यापारी इमारतींत सुताराची खरी परीक्षा येथेच होते. टेकूची लांबी दुप्पट झाली आणि मध्ये कोठे आडवा आधार नसला, तर तो वाकण्यापूर्वी जेवढे वजन घेऊ शकतो ते चौथ्या हिश्शावर येते. दहा फुटी घरात चालून गेलेली पद्धत वीस फुटी लॉबीत किंवा सभागृहात जशीच्या तशी वापरली जाते आणि स्लॅब भरताना सेंट्रिंग कोसळते, त्यामागे हे कारण अनेकदा असते. मधल्या उंचीवर दोन्ही दिशांना आडवे आणि तिरपे पाइप बांधले की टेकूची ताकद परत मिळते. हे पाइप अंदाजपत्रकात आहेत का, ते पाहावे. खर्च कमी करण्याच्या नावाखाली सर्वांत आधी तेच गळतात.

तळमजल्याच्या स्लॅबचे टेकू कशावर उभे राहणार, हेही ठेकेदाराला विचारा. जोत्यातला भराव ताजा असेल आणि त्यावर पावसाची एक सर येऊन गेली असेल, तर टेकू कितीही मजबूत असला तरी तो खचतो. मी स्वतः तरुण अभियंता असताना एका कामावर स्लॅब भरण्याच्या सकाळी काँक्रीटच्या गाड्या रांगेत उभ्या होत्या आणि वयस्कर सुतार मिस्त्रीने काम थांबवले. ड्रेनेजच्या पाइपासाठी आदल्या आठवड्यात खणलेला चर मातीने बुजवला होता आणि टेकूंची एक ओळ नेमकी त्यावर आली होती. नकाशात तो चर होता, माझ्या तपासणीच्या यादीत नव्हता. त्याने तेथे जाड फळ्या आडव्या घालून टेकूंचे वजन दोन्ही बाजूंच्या घट्ट जमिनीवर नेले. तीन तास गेले आणि स्लॅब दुपारी सुरू झाला. त्या दिवसापासून काँक्रीट मागवण्याआधी मी सुताराला सोबत घेऊन खालून एक फेरी मारतो.

स्लॅब भरला जात असताना सगळ्यांचे लक्ष वर असते. त्या वेळी खाली, टेकूंच्या रानात, एक सुतार हातोडा आणि पाचरा घेऊन उभा असतो. कोठे लाकूड करकरले, कोठे प्लायच्या सांध्यातून सिमेंटचे पाणी गळू लागले, कोणता टेकू ढिला झाला, हे पाहत आणि ऐकत तो फिरतो. माझ्या मते संपूर्ण आरसीसीच्या कामातले हे सर्वांत धोक्याचे आणि सर्वांत दुर्लक्षित काम आहे. त्याला बाहेर पडायची मोकळी वाट, पुरेसा उजेड आणि वरच्या माणसाला तत्काळ थांबवता येईल अशी सोय, या तीन गोष्टी नसतील तर स्लॅब सुरू करू देऊ नये.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. सेंट्रिंगचे मोजमाप काँक्रीटला लागून असलेल्या साच्याच्या क्षेत्रफळावर होते आणि त्यात साचा उभा करणे, टेकणे, तेल लावणे, नंतर खोलणे आणि साफ करणे हे सगळे धरलेले असते. त्यामुळे रक्कम मोठी दिसते आणि ती असायलाच हवी. खर्च वाचवायचा असेल तर तो मजुरीत नव्हे, नकाशात वाचवावा. सगळ्या कॉलमांची मापे दोन-तीन प्रकारांत बसवली आणि तुळयांची खोली शक्य तेथे सारखी ठेवली, तर तीच पेटी पुन्हा पुन्हा वापरता येते आणि कापाकापीत प्लाय वाया जात नाही. आपल्या वास्तुविशारदाला आणि सुतार मिस्त्रीला काम सुरू होण्याआधी एकदा समोरासमोर बसवा. लिफ्टचा खड्डा, पाण्याच्या आणि विजेच्या नळांसाठी स्लॅबमध्ये सोडायची भोके, दर्शनी भागातला सज्जा, या सगळ्यांच्या जागा त्या बैठकीत ठरतात. भोक सोडायचे राहिले की पुढे यंत्राने स्लॅब कापावा लागतो आणि त्यात सळईही कापली जाते.

प्रश्न : आमच्या मंगल कार्यालयाच्या इमारतीत सभागृहावरील तुळया सात मीटर लांबीच्या आहेत. स्लॅब होऊन दहा दिवस झाले. सेंट्रिंगच्या प्लेटा आणि टेकू भाड्याचे असल्याने ठेकेदार सगळे सामान काढून दुसऱ्या कामावर नेऊ इच्छितो. दहा दिवस पुरेसे आहेत का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नाहीत. सात मीटरच्या तुळईखालचे टेकू २१ दिवसांच्या आत काढू देऊ नका.

आय.एस. ४५६ मध्ये दिलेल्या किमान मुदती अशा आहेत : कॉलम, भिंती आणि तुळयांच्या बाजू यांचे साचे १६ ते २४ तासांनी काढता येतात. स्लॅबखालच्या प्लेटा तीन दिवसांनी आणि तुळईखालचा तळ सात दिवसांनी काढता येतो, मात्र दोन्ही ठिकाणी टेकू लगेच परत लावण्याच्या अटीवर. टेकू कायमचे काढायचे, तर स्लॅबचा गाळा साडेचार मीटरपर्यंत असल्यास ७ दिवस आणि त्याहून मोठा असल्यास १४ दिवस थांबावे लागते. तुळई सहा मीटरपर्यंत असल्यास १४ दिवस आणि त्याहून लांब असल्यास २१ दिवस. या मुदती साध्या पोर्टलँड सिमेंटसाठी आणि हवेचे तापमान १५ अंश सेल्सिअसच्या खाली जात नसेल तेव्हासाठी आहेत. बाजारात आज मिळणारे बरेचसे सिमेंट राखमिश्रित असते आणि ते सुरुवातीचे दिवस सावकाश ताकद घेते. थंडीत ते आणखी मंद होते. तेव्हा पोत्यावर काय लिहिले आहे ते पाहून आपल्या संरचना अभियंत्याकडून मुदत लेखी घ्या.

टेकू काढून लगेच परत लावण्याच्या सवलतीचा फार गैरवापर होतो. टेकू एकदा निघाला की स्लॅब किंचित खाली येतो. नंतर लावलेला टेकू नुसता चिकटून उभा राहतो आणि तेव्हापर्यंत कोवळ्या काँक्रीटने व्हायचा तो ताण सोसलेला असतो. म्हणून जाणता सुतार आधीपासूनच मधल्या काही ओळी अशा रचतो की बाजूच्या प्लेटा सोडवताना त्या टेकूंना हात लावावाच लागू नये. आपल्या कामावर तशी रचना केलेली असेल, तर भाड्याच्या प्लेटा आताच परत करता येतील आणि टेकू जागच्या जागी राहतील. ठेकेदाराची अडचणही खरी आहे, त्याचे भाडे दिवसागणिक चढते. पण ते भाडे दराच्या वेळीच धरायला हवे होते. अकरा दिवसांच्या भाड्याचा प्रश्न असेल तर तो खर्च आपण उचला, असे मी आपणांस आग्रहाने सांगतो. त्या तुळयांखाली पुढे लग्नाची पंगत बसणार आहे.

टेकू काढण्याच्या क्रमाबद्दल आपण विचारलेले नाही, तरी सांगतो. तुळईचे आणि स्लॅबचे टेकू मध्यापासून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे सोडवत न्यावेत. पुढे आलेल्या सज्जाचे टेकू मात्र मोकळ्या टोकाकडून भिंतीकडे सोडवत यावेत. सज्जाचा क्रम उलटा केला, तर मोकळ्या टोकाखालचे शेवटचे टेकू त्याला तात्पुरता दोन्ही बाजूंनी टेकलेला स्लॅब बनवतात. सज्जाच्या सळया वरच्या अंगाला असतात, त्यामुळे अशा वेळी खालच्या अंगाला तडा जाण्याचा धोका असतो.

प्रश्न : मी एका खाजगी रुग्णालयाच्या इमारतीची देखभाल पाहतो. जिन्याकडची आगरोधक लाकडी दारे पावसाळ्यात घासतात आणि पूर्ण बंद होत नाहीत. आमच्या सुताराने रंधा मारून ती सैल करून देण्याची तयारी दाखवली आहे. एका दाराला काचेची छोटी खिडकीही पाडायची आहे. करून घ्यावे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : सुताराची तयारी चांगल्या हेतूची आहे, परंतु या दारांना साध्या दाराचे नियम लागू होत नाहीत. आगरोधक दार म्हणजे पाला (दाराची उघडझाप होणारी झडप), चौकट, बिजागऱ्या, कुलूप, आपोआप बंद करणारा क्लोझर आणि कडेची उष्णतेने फुगणारी पट्टी यांचा एकत्र जाळून तपासलेला संच असतो. आपल्या दाराला ६० किंवा १२० मिनिटांचे जे प्रमाणपत्र आहे ते या संपूर्ण संचाचे आहे. कडेला रंधा मारताना ती पट्टी निघाली किंवा फट रुंद झाली, तर आगीच्या वेळी धूर त्या फटीतून जिन्यात शिरेल. खिडकी पाडली तर पाल्याच्या आतला आगरोधक गाभाच उघडा पडतो, आणि साधी काच उष्णतेने काही मिनिटांत फुटते. काचेची खिडकी हवीच असेल, तर ती बसवूनच तपासलेला पाला मागवावा.

सुताराला काम नाही असे मात्र समजू नका. दार घासण्याचे कारण बहुधा पाल्यात नसते. वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले झाले असतील, चौकट ओळंब्यातून सरकली असेल किंवा नंतर बसवलेल्या फरशीमुळे खालचे अंतर संपले असेल. ओळंबा आणि गुण्या लावून हे शोधणे, बिजागरीमागे पातळ पत्रा घालून पाला उचलणे, क्लोझरचा जोर नीट करणे, ही सुताराचीच कामे आहेत आणि त्यांनी दहांतली सात-आठ दारे ठीक होतात. एवढे करूनही पाला फुगलेलाच असेल, तर दाराच्या उत्पादकाला लेखी विचारावे. किती मिलिमीटर कड तासता येते हे त्याच्या तपासणी अहवालावर अवलंबून असते. चौकट आणि भिंत यांच्यामधली फट साध्या फोमने भरलेली आहे का, तेही पाहून घ्या. तो फोम जळतो आणि मग दाराला काही अर्थ राहत नाही. आणि तोवर ही दारे खाली लाकडी पाचर घालून उघडी ठेवण्याची सवय परिचारिकांपासून सुरक्षारक्षकांपर्यंत सर्वांची मोडून काढा.

प्रश्न : मी आयटीआयमधून सुतारकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण केला आहे. वडीलही सुतार आहेत. पुण्यात सगळीकडे अॅल्युमिनियमचे साचे आले, फर्निचरही कारखान्यातून तयार होऊन येते. मोठ्या इमारतींच्या कामात माझ्यासारख्याला पुढे जागा आहे का?
— एक वाचक, इस्लामपूर

उत्तर : आहे, पण तुमच्या वडिलांना मिळाली त्याच ठिकाणी नाही.

अॅल्युमिनियमचे साचे, ज्यांना साइटवर सर्रास मायवान म्हणतात, त्यांत प्रत्येक तुकड्याला क्रमांक असतो आणि भिंती व स्लॅब एकदम ओततात. एकच नकाशा तीस मजले पुन्हा पुन्हा येणार असेल, तेव्हा ते परवडतात. म्हणून निवासी टॉवरांनी ते उचलले. व्यापारी इमारतींत तळघर, गाड्यांचा उतार, वेगवेगळ्या उंचीचे मजले, मोठी लॉबी, पाण्याच्या टाक्या आणि वळणारे जिने असतात. तेथे तुकडे जुळत नाहीत आणि प्लायवुड, लाकडी एच बीम (एच आकाराच्या तुळया), पोलादी टेकू यांनीच काम करावे लागते. अॅल्युमिनियमच्या कामावरसुद्धा तळमजला आणि गच्ची हे न जुळणारे भाग सुताराकडेच येतात.

फरक पडला आहे तो कशाला किंमत मिळते यात. ठोकाठोकीची किंमत उतरली आहे आणि नकाशा वाचणाऱ्याची वाढली आहे. लाइनआउट, म्हणजे इमारतीच्या रेषांची जागेवर आखणी, करताना तीन-चार-पाचच्या त्रिकोणाने काटकोन तपासता येणे, लेव्हल यंत्र लावून पातळी देता येणे, स्लॅबला मध्यभागी दर मीटर लांबीमागे ४ मिलिमीटर वर उचल का द्यायची हे समजणे, टेकूवर किती वजन येते याचा ढोबळ हिशेब करता येणे, एवढे ज्याला येते तो चार-पाच वर्षांत शटरिंगचा, म्हणजे साच्यांच्या कामाचा, फोरमन होतो. आयटीआयमध्ये तुम्ही अभियांत्रिकी आरेखन आणि गणित शिकला आहात; साइटवरच्या बहुसंख्य कारागिरांना ती संधीच मिळालेली नाही. तीच तुमची शिदोरी आहे.

कारखान्यातून आलेल्या फर्निचरविषयीही घाबरून जाऊ नका. कारखान्यात काटकोन अचूक असतो आणि भिंत कधीच काटकोनात नसते. तयार कपाट वाकड्या भिंतीला फट न ठेवता बसवणे, फॉल्स सीलिंगची आणि पार्टिशनची रेघ साठ फूट सरळ नेणे, रिसेप्शनच्या टेबलाचा सांधा दिसू न देणे, हे हात लागल्याशिवाय होत नाही. कार्यालयांच्या अंतर्गत कामात राजस्थान आणि उत्तर प्रदेशातील सुतारांनी जम बसवला आहे, तो पिढ्यांच्या हातकौशल्याबरोबरच दिलेल्या तारखेला काम पूर्ण करण्याच्या शिस्तीवर.

दोन व्यवहाराच्या गोष्टी. साइटवर काम सुरू केल्यापासून ९० दिवस झाले की राज्याच्या इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करा. १८ ते ६० वर्षे वयाच्या कामगाराला ती करता येते आणि गेल्या बारा महिन्यांत ९० दिवस काम केल्याचे प्रमाणपत्र लागते. हे प्रमाणपत्र ठेकेदाराकडून काम चालू असतानाच मागून घ्यावे, काम संपल्यावर तो सापडत नाही. वडील स्वतंत्रपणे हाताने काम करत असतील, तर २०२३ साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत सुतारकाम आहे. तिच्यात अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि ५ टक्के व्याजाने दोन टप्प्यांत ३ लाख रुपयांपर्यंत कर्जाची तरतूद आहे.

प्रश्न : आमच्या चालू कार्यालयात एका बाजूला नवी पार्टिशने आणि टेबले बनवण्याचे काम सुरू आहे. भुसा आणि वासाने कर्मचाऱ्यांचे डोळे चुरचुरतात. याने काही अपाय होतो का?
— एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : होतो, आणि तो आपल्या कर्मचाऱ्यांपेक्षा सुतारांना अधिक होतो, कारण ते आयुष्यभर त्यातच असतात. लाकडाची धूळ आणि प्लाय-एमडीएफच्या (एमडीएफ म्हणजे लाकडाचे बारीक तंतू डिंकाने दाबून केलेला फलक) डिंकातून निघणारे फॉर्मल्डिहाइड या दोन्हींची नोंद जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने माणसाला कर्करोग होण्यास कारणीभूत ठरणाऱ्या पदार्थांत केली आहे. एमडीएफची धूळ फार बारीक असते आणि नाकावर बांधलेल्या रुमालातून ती सहज आत जाते.

कापण्याचे सगळे काम गच्चीवर किंवा उघड्या आवारात हलवा. आत फक्त जोडणी होऊ द्या. हे शक्य नसेल तर धूळ ओढून घेणारे यंत्र जोडलेली करवतच वापरायला सांगा, कामाची जागा जमिनीपासून छतापर्यंत प्लास्टिकने बंद करा आणि त्या भागातली एसीची परतीची जाळी झाका, नाहीतर धूळ सगळ्या मजल्यावर फिरते. सुतारांना एन-९५ मास्क आपल्या खर्चाने द्या आणि ते रोज बदलले जातात का ते पाहा. लॅमिनेट चिकटवण्याचा डिंक ज्वालाग्राही असतो. तो लावला जात असताना त्याच मजल्यावर वेल्डिंग किंवा ग्राइंडिंगचे काम ठेवू नका, आणि डबे रात्री कार्यालयात राहू देऊ नका.